आत्या, काका आणि इतर भिंती

आधीच सांगते, माझा आवाज मोठा आहे आणि तो धंद्यानं मोठा झालाय. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. समोरून ट्रक येतोय आणि स्टिअरिंगवरचा माणूस घाबरून वायपर चालू करतोय, अशा वेळी तुम्ही हळू आवाजात बोलून दाखवा, मी तुमची फी माफ करते. तेव्हा 'ही बाई भावाला जन्मभर झापत आली' असं जे नातेवाईक सांगत फिरतात, त्यांनी आधी माझ्या शेजारच्या सीटवर बसून यावं आणि मग तोंड उघडावं.

भाऊ माझ्याहून बराच लहान. घरात त्याला भोपळा म्हणतात. का म्हणतात ते कुणालाच आठवत नाही, कारण अंगानं तो काडी आहे. आई-बाबा गेल्यावर तो माझ्याकडे आला, हॉलमधल्या सोफ्यावर झोपला, आणि तिशी उलटली तरी तिथंच झोपतो. माणूस सोनं आहे. फक्त कुणी समोर उभं राहून प्रश्न विचारला की ह्याच्या डोक्यातले शब्द चपला घालून बाहेर पडतात. वस्तू ओळखतो, नाव येत नाही. औषधाच्या दुकानात कामाला लावला होता. मालकांनी विचारलं, त्या आजोबांना कुठली गोळी दिलीस? तर म्हणाला, "ती चिडकी गुलाबी." गोळी बरोबर होती हो! पण मालकांनी दुसऱ्या दिवशी हात जोडले.

अशा चार-पाच ठिकाणांहून हात जोडून घेतल्यावर काकांनी फर्मान काढलं. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचं लांब कुठंतरी पोत्यांचं गोदाम आहे. "आता पुरे झालं, त्याला माझ्याकडे पाठव, पोती मोजेल," असं ते फोनवर म्हणाले. काकांच्या गोदामात गेलेला माणूस हसताना कुणी पाहिलेला नाही. मी म्हटलं, एक शेवटचा प्रयत्न करू द्या. ते म्हणाले, करा, पण शेवटचाच.

तो शेवटचा प्रयत्न म्हणजे ही भिंतींची नोकरी. जुन्या इमारतींचे दर्शनी भाग दुरुस्त करणारी एक कंपनी होती. भिंतीचा एखादा तुकडा पडला की तिथं आधी काय होतं ते ओळखणारा माणूस त्यांना हवा होता. दगड कसा घडवला होता, वीट कुठल्या जातीची, गिलावा हातानं मारलाय की फेकलाय, हे बघून सांगायचं, म्हणजे पुन्हा तसंच करता येतं. नाहीतर लोक हाताला येईल ते थापतात आणि इमारत ठिगळ लावलेल्या पँटसारखी दिसते. परीक्षा त्यांच्या अंगणात व्हायची. तिथं नमुन्याच्या भिंती बांधून ठेवल्या होत्या. समोर उभं राहायचं आणि बोलायचं.

"बोलायचं?" मी म्हटलं. "बोंबला."

पण भोपळा हट्टाला पेटला. ह्या पोराला लहानपणापासून भिंतीला हात लावत चालायची सवय. शर्टाच्या बाह्या त्यामुळेच फाटायच्या आणि मी त्यासाठीच ओरडायचे. मला म्हणाला, "ताई, बाकीच्या नोकऱ्या तू लावल्यास. ही मला हवीय. मला कधीतरी तुझ्या घरी पाहुणा म्हणून यायचंय गं." असं काही बोलला की मला राग येतो. त्या दिवशी तर फारच आला, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

कंपनीनं अभ्यासाला नमुन्यांची एक पेटी दिली होती. फळ्यांवर दगडांचे, विटांचे तुकडे चिकटवलेले. मी एक फळी वर धरायची.

"हे काय?"

"खरखरीत."

"आणि हे?"

"हेपण खरखरीत. पण निराळं."

"निराळं म्हणजे?"

"म्हणजे... ह्याचा स्वभाव निराळा आहे."

पालथ्या घड्यावर पाणी! माझा नवरा कोपऱ्यात पेपर वाचत होता. तो म्हणाला, अगं ओरडू नकोस, त्याला शांतपणे सांग. मी शांतपणे सांगितलं. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

घोडं अडलं होतं ते सुटलं भलत्याच ठिकाणी. तेव्हा माझ्याकडे बँकेतले एक साहेब शिकायला येत होते. पन्नाशीचे, अत्यंत सज्जन, आणि गाडी अशी चालवायचे की पायी जाणारी माणसं आम्हाला मागे टाकताना आत डोकावून तब्येत विचारायची. मला वाटलं, ह्या वेगाचा काहीतरी उपयोग करावा. भोपळ्याला मागच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, बाहेर भिंती बघ. एका जुन्या कचेरीवरून आम्ही सरपटत चाललो होतो, एवढ्यात हा मागून ओरडला, "ताई, काका!"

मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. साहेबांचं कपाळ हॉर्नवर आपटलं. मी पुढं-मागं बघतेय, काका कुठं दिसेनात.

"कुठायत काका?"

"ही बघ की! ही भिंत!"

बघितलं. मोठेमोठे दगड. प्रत्येक दगडाच्या चारी कडा सुबक, सरळ, फुटपट्टी लावून कापलेल्या, आणि मधला भाग मात्र तसाच ढोबळ, पुढं आलेला. कडेनं सगळं इस्त्रीचं आणि मधे सुटलेलं पोट. अहो, काकाच! शर्टाची कॉलर कडक, बाह्या कडक, आणि मधली दोन बटणं जीव मुठीत धरून बसलेली. मी हसून हसून डॅशबोर्डवर डोकं ठेवलं. साहेब काकांना ओळखत नव्हते, तरी हसले.

तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्याला नावं आठवत नाहीत, माणसं आठवतात. मग प्रत्येक भिंतीला एक माणूस लावून टाकू! माणूस आठवला की स्वभाव आठवेल, स्वभावावरून भिंत कशी बनवली ते आठवेल, आणि तेवढं बोलता आलं की झालं.

त्यानंतरचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. आमच्या नातेवाइकांची एवढी आठवण आम्ही त्यांच्या वाढदिवसालाही काढली नव्हती. मावशीचा नंबर पहिला लागला. पातळ पातळ दगडी चिपा एकीवर एक रचलेल्या, मधला चुना कुठं दिसतच नाही, ती मावशी. तिचं असंच आहे. माझ्या लग्नात तिला पुढं बसवलं नाही, त्यावर त्याच्या आधीचं काहीतरी, त्याच्यावर त्याच्याही आधीचं. तक्रारीवर तक्रार रचलेली, आणि एकीला दुसरी कशानं चिकटलीय ते कळत नाही. मामाला तर आम्हाला शोधावंच लागलं नाही. नव्या हॉटेलची वीटकाम केलेली भिंत होती, भोपळ्यानं तिच्यावर बोटानं ठोकलं, आतून ठणठण आवाज आला. वीट नव्हतीच, विटेची पातळ चकती पत्र्यावर डकवलेली. "मामा," आम्ही एकदम म्हटलं. मामा सगळ्यांना सांगतो की तो मोठा अधिकारी होता.

"आणि मी कोण?" नवऱ्यानं पेपरातून विचारलं.

"भावजी, तुम्ही घोटलेला ग्रॅनाइट."

नवरा खूश झाला. दिवसभर आरशात बघत होता. भोपळ्यानं त्याला कारण सांगितलं नाही. मला सांगितलं होतं: काहीही टाका, ओघळून जातं, चिकटत काही नाही.

आणि ओल्या गिलाव्यावर मूठमूठ खडे फेकून केलेली भिंत, हात लावला तर कातडी सोलते, ती आत्या. ह्यावर विचार करावाच लागला नाही. आमची आत्या तोंड उघडते तेव्हा समोरच्यानं डोळे मिटून घ्यायचे असतात. लांबून फेकते, नेम अचूक, आणि जो खडा लागतो तो आयुष्यभर रुतून बसतो. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा बघून म्हणाली होती, "मुलगा बरा आहे, पण हा बसलेला आहे की उभा?"

पोरगं सुसाट सुटलं. पेटीतला कुठलाही तुकडा दाखवा, आधी नातं, मग स्वभाव, मग काम. शेवटी शेवटी तर बँकेतले साहेबही सिग्नलला थांबले की कुजबुजायचे, "मॅडम, डावीकडे मावशी."

आता बघा नशीब कसं असतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी दार वाजलं. दारात बॅग घेऊन आत्या.

"पोराची शेवटची परीक्षा आहे म्हणून कळलं," ती म्हणाली. "घरचं मोठं माणूस बरोबर नको? आणि हे काय, हॉल आहे की गोदाम? त्याला काकाकडे पाठवायची गरजच काय, सोय तर इथंच केलीय की."

भोपळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, ती समोर असली तर मी तिची भिंत कशी ओळखू?"

"मनातल्या मनात ओळख!"

"मनातल्या मनात मला येत नाही गं. मला आधी मोठ्यानं म्हणावं लागतं."

मी आत्याला परोपरीनं सांगितलं, तिथं ऊन असतं, धूळ असते, बसायला जागा नसते. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या गाडीसारखंच." आणि जाऊन पुढच्या सीटवर बसली.

परीक्षा घेणाऱ्या बाई इंजिनिअर होत्या. उंच, कमी बोलणाऱ्या, डोक्यावर उन्हाची टोपी. आम्हा दोघींकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्या कोण?"

"बहीण आणि आत्या," भोपळा म्हणाला. आवाज असा की डास बरा.

"लांब उभ्या राहा. बोलायचं नाही." मला आयुष्यात इतकं स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही. मी गप्प राहिले. आत्यासुद्धा राहिली, ती केवळ धक्क्यानं.

पहिली भिंत. भोपळा समोर उभा. ओठ हलले. मला लांबूनही कळलं, काका म्हणाला. मग ताठ झाला आणि बोलायला लागला, "कडा छिन्नीनं सरळ करून घेतल्यात, मधलं तोंड मुद्दाम खडबडीत ठेवलंय, सावली पडावी म्हणून." बाईंनी मान हलवली. पुढची मावशी, मग भावजी. मामाला ठोकलं, ठणठण वाजला, बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी मुठी एवढ्या आवळल्या होत्या की नखं रुतली. देवा, एवढं होऊ दे, मी महिनाभर कुणावर ओरडणार नाही, असं मनात म्हटलं. आठवडाभर, असं लगेच दुरुस्तही केलं.

आणि मग आली ती खड्यांची भिंत. भोपळा थांबला. ओठ हलेनात. भिंतीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि मग गाढवानं मान वळवून सरळ आत्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" आत्या कडाडली. "भिंतीकडे बघ! माझ्या तोंडावर लिहिलंय का?"

"हो," भोपळा म्हणाला.

बाई म्हणाल्या, "काय म्हणालात?"

मला वाटलं, संपलं, आता पोती. मी खुणा करायला लागले, आणि बाईंनी एकदा टोपीखालून बघितल्यावर तोच हात डोक्याकडे नेऊन केस नीट केले. भोपळ्याला घाम फुटला होता. त्यानं डोळे गच्च मिटले, आणि धरण फुटावं तसा बोलला.

"आत्या! ही आत्या! ओला गिलावा असतानाच लांबून खडे फेकून मारतात, हातानं लावायचे नाहीत, फेकायचेच, जोर लागतो, नेम लागतो, बसले की निघत नाहीत! वर रंग द्या, काही करा, खडे तसेच! पाऊस घाबरतो हिला!"

आता आत्या बोलली. काय बोलली ते सगळं मी सांगू शकत नाही, काही माझ्या आईबद्दल होतं. पण सुरुवात अशी होती, "मी खडे मारते? मी? अरे भोपळ्या, ज्याला स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण सापडत नाही त्यानं मला भिंत म्हणावं? आणि ही तुझी बहीण, गाडी शिकवते म्हणे, येताना चार खड्ड्यांत घातली, पाचवा चुकला तो खड्ड्याचा शहाणपणा! आणि ह्या बाई! टोपी एवढी मोठी, सावली पडते ती शेजारणीवर!"

बाईंनी टोपी काढली. आत्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा आत्याकडे. मग त्या खाली वाकल्या. मला वाटलं, चक्कर आली. हसत होत्या. मोठ्या माणसाला न शोभेल असं, गुडघ्यांवर हात ठेवून, आवाज न करता हसत होत्या.

"सगळ्या भिंतींना नातेवाईक आहेत?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

भोपळ्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. काकांचं पोट, मावशीच्या चिपा, सगळं. मामाची गोष्ट ऐकून आत्या पटकन म्हणाली, "ते मात्र बरोबर आहे हो." आणि तिचा राग निम्मा उतरला.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. टोपी परत डोक्यावर चढवली, चेहरा परत कोरा केला. "पेटीतलं झालं. आता एक भिंत पेटीत नसलेली."

अंगणाच्या मागे नेलं. तिथं एक जुनी भिंत उभी होती. नमुन्यासाठी बांधलेली नव्हे, पूर्वीच्या कुठल्या घराची उरलेली. दिसायला काही नव्हती. जाडाभरडा गिलावा, ओबडधोबड, कुठं रंग नाही, कुठं नक्षी नाही. जवळून गेलं तर कपडा फाटावा अशी. हिला कुणीच नातेवाईक लावलेला नव्हता.

भोपळा तिच्याजवळ गेला. बराच वेळ बघत राहिला. गुडघ्यावर बसून खालची कड बघितली. मग पूर्ण तळहात भिंतीवर ठेवला, आणि त्याचे ओठ हलले. ह्या वेळी मला काही वाचता आलं नाही.

"नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"नाव येत नाही, बाई. पण ही माझी ताई आहे."

मी म्हटलं, घ्या! आत्याला झाली, आता मला. आत्या गालात हसली.

"हा चुन्याचा गिलावा आहे," भोपळा सांगायला लागला. अडखळत नव्हता. "जाड वाळूचा, फटकारून मारलेला. दिसायला चांगला व्हावा म्हणून कुणी मारलाच नाही. पाऊस, वारा, लोकांचे धक्के, सगळं बाहेरच अडवायचं, म्हणून मारलाय. खाली कपची उडालीय तिथं बघा, माती आहे, भुसा आहे. आतली वीट कच्ची आहे, बाई. भाजलेलीच नाही. हा गिलावा नसता तर एका पावसात विरघळली असती. लोकांना बाहेरून एवढंच दिसतं की भिंत फार खरखरीत आहे."

बाईंनी वाकून ती कपची बघितली. "कपचीतून माती दिसली, ते ठीक. पण बाकीचं एवढ्या खात्रीनं कसं सांगता?"

"मी आतून बघितलीय ना," भोपळा म्हणाला.

एवढा मोठा आवाज माझा, ट्रकवाले वळून बघतात, आणि तो कुठं गेला कुणास ठाऊक. आत्या माझ्याकडे बघत होती. मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी ओरडले, "गाढवा, हात काढ त्या भिंतीवरून! सोलून निघेल!"

त्यानं काढला नाही.

बाईंनी हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली. "सोमवारी या," त्या म्हणाल्या. "आणि एकटे या."

घरी आल्यावर आत्यानं काकांना फोन लावला आणि अर्धा तास त्यांच्यावर खडे टाकले, तेव्हा कुठं तिला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी भोपळा निघाला. मी म्हटलं, सोडते. तो म्हणाला, नको, बाई एकटं या म्हणाल्यात. मी म्हटलं, मग मर. तो हसला आणि बसस्टॉपकडे गेला. सकाळी माझा पहिला विद्यार्थी म्हणजे बँकेतले साहेब. गाडीत बसले, आरसा नीट केला, विचारलं, "आज वळणं घ्यायची ना, मॅडम?"

"आज सरळ," मी म्हटलं. "त्या बसच्या मागे राहा. फार जवळ जाऊ नका."

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी तिसरा गिअर टाकला. बस थांबली की आम्ही थांबायचो, बस सुटली की आम्ही सुटायचो. कंपनीच्या फाटकापाशी भोपळा उतरला. शर्टाचं वरचं बटण लावलं. मागे वळून बघितलं नाही, सरळ आत चालत गेला. कुंपणाच्या भिंतीला हात लावत गेला. मी काच खाली केली, ओरडायला तोंड उघडलं, आणि पुन्हा काच वर केली.

तो दिसेनासा झाला तरी आम्ही तिथंच उभे होतो. मागून हॉर्न वाजायला लागले. साहेबांनी घाबरून माझ्याकडे बघितलं. मी ढसाढसा रडत होते.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "माझं काही चुकलं का?"

"नाही हो, साहेब," मी म्हटलं. "अगदी बरोबर चालवलीत."